न दिलेली अट

वकिलीच्या प्रवेश परीक्षेतून बैठकीची कोडी काढून टाकली, ही बातमी मला गावंडे सरांनी फोनवर दिली. सर आमच्या उमरखेडच्या अकॅडमीचे संचालक. वाईट बातमी गोड आवाजात सांगण्याची त्यांची जुनी हातोटी आहे. म्हणाले, "मॅडम, तुमचे लोकं आता कुठंच बसून नाही राह्यले." मी म्हटलं, "म्हणजे?" तर म्हणाले, "पेपरातून उठवले त्यायले. आता लंबे लंबे उतारे देतेत वाचाले. तुम्ही आराम करा." इतकी वर्षं लोकांना रांगेत, गोलात, मजल्यामजल्यांवर बसवण्यात घालवलेली बाई अशी एका फोनवर मोकळी झाली.

ही कोडी म्हणजे काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही, तेव्हा तुम्हालाही कळलं नसेल तर ओशाळू नका. कोड्यात काही माणसं असतात. ती रांगेत बसतात, टेबलाभोवती बसतात, नाहीतर एकाच इमारतीत खालीवर राहतात. कोण कुठे आहे हे सरळ सांगायचं सोडून पेपर काढणारा आडून आडून सांगतो. अ हा ब च्या शेजारी नाही. क च्या वर राहणाऱ्याला चहा चालत नाही. यावरून तुम्ही ओळखायचं की ड कुठे आहे. ड ला विचारलं असतं तर त्यानं आनंदानं सांगितलं असतं, पण ती सोय परीक्षेत नाही.

कोडं वाचलं रे वाचलं की पोरं उत्तराच्या मागे धावतात. मी त्यांना थांबवायची. म्हणायची, आधी कोड्याची जात ओळखा. आमच्या वर्गात उघडपणे चौकशी करावी अशी तेवढी एकच जात. पुस्तकात इंग्रजी नावं होती, ती मी फेकून दिली आणि आमची ठेवली. सरळ रांग असेल तर पंगत, गोल असेल तर कोंडाळं, मजले असतील तर माडी, आणि कोणाला काय मिळालं असा घोळ असेल तर वाटणी. पंगतीला आडव्या रेघा मारायच्या, कोंडाळ्याला गोल काढायचा, वाटणीला चौकटी आखायच्या. जे पक्कं ते आधी भरायचं. जिथे दोन शक्यता असतील तिथे दोन चित्रं काढायची आणि अटींच्या हातून त्यातलं एक मरू द्यायचं. आणि सगळ्यांत वरचा कायदा फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहिलेला: दिलेली अट सोडायची नाही, न दिलेली अट घालायची नाही.

ऐकायला सोपं आहे, पण आमच्या जिल्ह्यात हे शिकवणं महाकठीण. कारण कोणी कुठे बसावं हे इथे प्रत्येकाला जन्मतःच ठाऊक असतं. माझंच बघा. माझे वडील बाभुळगावला तहसिलीत कारकून, आजोबाही कुठल्याशा कचेरीत. टेबलाच्या अलीकडे कोण बसतं आणि पलीकडे कोण उभं राहतं, हे आमच्या घरात बाराखडीच्या आधी शिकवत.

सुरुवातीला मला वाटलं, अ, ब, क ही रुक्ष नावं काढून आपल्याकडची माणसांची नावं घालावीत, म्हणजे पोरांना गोडी लागेल. घातली. दुसऱ्याच आठवड्यात वर्गाच्या दारात पांढरेशुभ्र कपडे घातलेले एक गृहस्थ उभे. तालुक्यात त्यांना सभापती म्हणतात. पद जाऊन जमाना झाला, पण हाक उरली. त्यांचा पुतण्या माझ्या वर्गात होता, आणि त्यानं घरी जाऊन काडी लावली होती.

"तुम्ही मले टोकाले काहून बसवलं?" सभापतींनी विचारलं.

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. पंगतीच्या एका कोड्यात एक तुळशीराम होता. "साहेब, ते तुम्ही नाही. तो कोड्यातला तुळशीराम आहे."

"या तालुक्यात दुसरा तुळशीराम कोन हाय?"

"पण अटी बघा ना साहेब. अटींवरून तो टोकालाच येतो."

सभापतींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मंग अटी बदला."

राजकारणाचं इतकं नेमकं पाठ्यपुस्तक माझ्या पाहण्यात नाही. गावंडे सर धावत आले, चहा आला, आणि तुळशीरामाला मधोमध बसवण्यात आलं. त्यामुळे कोड्याला तीन उत्तरं निघायला लागली. मी निमूटपणे अ, ब, क वर परत आले.

कविता राठोड माझ्या वर्गात आली ती त्याच्या पुढच्या वर्षी. ढाणकीजवळच्या एका तांड्यातली. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, बाहेर मराठी, पुस्तकात इंग्रजी, आणि तिन्हींत सारखीच कमी बोलणारी. तिचे वडील फुलसिंगभाऊ ढाणकीच्या बाजारातली हळद टेम्पोनं बाहेरगावी पोचवत. कविता एसटीनं यायची, मागच्या बाकावर बसायची आणि हात कधी वर करायची नाही. पण तिची चित्रं बघत राहावीत अशी असायची. पट्टी न लावता सरळ रेघ मारणारी पोरगी मी दुसरी पाहिली नाही.

एकदा मी कोंडाळ्याचं कोडं दिलं. एका घरातली सहा माणसं गोल टेबलाभोवती मध्याकडे तोंड करून जेवायला बसली आहेत: सासरा, सासू, मुलगा, सून, नणंद आणि पाहुणा. पाहुणा सासऱ्याच्या बरोबर समोर. सासू सासऱ्याच्या लगेच डावीकडे. नणंद पाहुण्याच्या शेजारी नाही. सून नणंदेच्या शेजारी नाही. तर सुनेच्या समोर कोण?

हे कोडं चहा पिता पिता सुटावं असं आहे. नणंदेला एकच जागा उरते, मग सुनेला एकच, आणि सुनेच्या समोर नेमकी नणंदच येते. सगळ्या वर्गानं नणंद लिहिलं. कवितानं गोल काढला होता, पाच माणसं बिनचूक बसवली होती, एक खुर्ची मोकळी ठेवली होती, आणि उत्तराच्या जागी लिहिलं होतं: गॅस.

मी तिला उभं केलं. "सून कुठे आहे कविता?"

"ते बसलीच नाही मॅडम."

"सहा जण बसले आहेत असं दिलंय की."

"पाहुना आला हाय मॅडम घरी," ती शांतपणे म्हणाली. "सून टेबलावर बसन तर पोया कोन आनन?"

वर्ग खो खो हसला. मी फळ्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. म्हटलं, "सुनेनं बसू नये अशी अट दिली आहे का? नाही ना? मग ती तू मनानं घातलीस. पेपरात सून बसते म्हटलं की ती बसते. तिथे तिला कोणी उठवू शकत नाही." कविता खाली बसली, पण तिला ते पटलं नाही हे मला दिसत होतं.

त्याच दिवशी दुपारी आमच्याकडे दीर आले होते. मी गॅसपाशी उभी राहून पोळ्या लाटत होते. आमच्याही जेवणाच्या टेबलाला सहा खुर्च्या आहेत, आणि माझ्या खुर्चीवर नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र ठेवलेलं होतं. मी लाटणं हातात धरून त्या खुर्चीकडे बघत बसले, म्हणजे उभीच राहिले. माझी पोळी करपली. गुण मी कविताला शून्य दिले होते, आणि नियमानं ते बरोबरच होते.

पुढे तिची ती खोड गेली. पेपरातल्या माणसांना ती पेपरातल्यासारखं वागू द्यायला लागली. पण वकीलच का व्हायचंय, हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. एकदा बसस्टँडवर मी बाजाराची पिशवी घेऊन उभी होते, ती ढाणकीच्या गाडीची वाट बघत होती. मी विचारलं.

"आमच्या तांड्यात भांडन मिटवाले बैठक बसते मॅडम," ती म्हणाली. "नसाब म्हनतेत तिले. नाईक मधात अन् बाकीचे बाप्ये गोल. माह्या आत्याले नवऱ्यानं टाकलतं. तिची नसाब बसली. आत्या मांगं लिंबाखाली उभी होती. दिवस बुडेस्तोवर उभी. तिले कोनी काही इचारलं नाही, अन् कोनी बस बी म्हनलं नाही."

"आणि तुझे वडील?"

"बा कोंडाळ्यातच होता. नायकाच्या डाव्या हाताले."

मी शिकवलेल्या भाषेत तिनं मला ते सांगितलं. मी मास्तरणीसारखं बोलले. म्हटलं, "अगं, कोर्टातही वकिलाला उभंच राहावं लागतं."

"पन तिथं बोलाले उभं करतेत ना मॅडम," ती म्हणाली. तेवढ्यात गाडी लागली आणि ती गेली.

कविताला परीक्षेत उत्तम गुण पडले. नागपूरच्या विद्यापीठाच्या लॉ कॉलेजात तिचा नंबर लागला. अकॅडमीच्या जिन्यावर तिचा फोटो लागला आणि त्याच्या दुप्पट आकाराचा गावंडे सरांचा. सर तिला वर्षभर सविता म्हणत आले होते, पण फलकावर नाव बरोबर छापलं, हे मान्य केलं पाहिजे. अडचण एकच होती. फुलसिंगभाऊंनी परीक्षेआधी "पास हो, मंग पाहू" असं सांगितलं होतं, आणि पास झाल्यावर नुसतं "पाहू" म्हणत होते. पोरीला एकटीला नागपूरला ठेवायचं म्हणजे तांड्यात काय म्हणतील, हा त्यांना घोर. आमच्याकडे 'पाहू' हा नकाराचा सख्खा भाऊ आहे. प्रवेश पक्का करायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती आणि कविताचं तोंड दिवसेंदिवस बारीक होत होतं.

गावंडे सरांनी सत्कार समारंभ ठरवला. मुख्य पाहुणे अर्थातच सभापती. मंचावरची बैठक कशी लावायची हे काम माझ्याकडे आलं, "तुमचा विषयच हाय मॅडम" म्हणून. मी म्हटलं, अटी सांगा. सरांनी सांगितल्या. खुर्च्या पाच. सभापती मधोमध. सर स्वतः सभापतींच्या शेजारी, कारण फोटो. कापडाचे मोठे व्यापारी जिन्याकडच्या टोकाला, कारण त्यांना लघवीला वारंवार उठावं लागतं. डॉक्टर आणि प्राचार्य यांचं एका प्लॉटवरून बोलणं बंद, ते शेजारी नकोत. डॉक्टर व्यापाऱ्यांच्याही शेजारी नकोत, कारण जुनं काहीतरी.

शुद्ध पंगत. मी उभ्या उभ्या सोडवली. डॉक्टर, मग सर, सभापती, प्राचार्य आणि व्यापारी. डॉक्टरांना दुसरं टोक आलं, त्यावर ते रुसणार हे नक्की होतं. म्हणून त्या टोकाला मी उभा पंखा लावायला सांगितला. समारंभ ऐन उन्हाळ्यात होता. डॉक्टर आपण होऊन तिथे जाऊन बसले.

"पण यात कविता कुठे आहे?" मी सरांना विचारलं होतं.

"ते कायले?"

"सत्कार तिचा आहे ना सर? सहावी खुर्ची ठेवा."

सर हुशार माणूस. लगेच म्हणाले, "सहा खुर्च्या ठेवल्या तर मधोमध कोनीच येत नाही मॅडम. सभापतीले काय सांगू?"

"मग सात ठेवा. तिचे वडीलही बसतील."

सर असे हसले, की मी तुळशीरामाला पुन्हा टोकाला बसवलं असं वाटावं. "मॅडम, सत्कारमूर्ती उभीच राह्यते. तशी पद्धतच हाय."

समारंभाच्या दुपारी अकॅडमीचं वरच्या मजल्यावरचं सभागृह भरलं होतं. मी पहिल्या रांगेत. मंचावर चौघे आपापल्या जागी, आणि मधोमध सभापतींची उंच पाठीची खुर्ची, तिच्यावर पांढराशुभ्र टॉवेल. सभापतींचा पत्ता नव्हता. कविता मंचावरच खुर्च्यांच्या मागे उभी होती. तिच्या हातात ताट होतं, त्यात हार आणि नारळ. पाहुण्यांचं स्वागत तिच्याच हस्ते व्हायचं होतं. म्हणजे सत्कार तिचा, आणि ताट धरायलाही तीच. फुलसिंगभाऊ सगळ्यांत मागे दाराशी भिंतीला टेकून उभे होते. त्यांना मी दोनदा पुढे या म्हटलं, त्यांनी दोनदा हात जोडले.

सूत्रसंचालकानं वेळ भरून काढायला नारीशक्तीवर बोलायला सुरुवात केली. स्त्री ही दुर्गा आहे, स्त्री ही माता आहे, असं बराच वेळ चाललं. ज्या स्त्रीबद्दल हे चाललं होतं ती ताट धरून उभी होती, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होती, आणि पंख्याचा वारा डॉक्टरांना लागत होता. मला संताप आला होता. पण मी बसूनच राहिले होते.

मग कवितानं ताट टेबलावर ठेवलं, पुढे आली आणि मधल्या खुर्चीवर बसली. घाईनं नाही, रागानंही नाही. टॉवेल जरा सरळ केला आणि बसली.

सूत्रसंचालकाची माता अर्ध्यावर राहिली. गावंडे सर तिच्याकडे वाकून दातओठ खात कुजबुजले, पण समोर माईक होता, त्यामुळे ते सगळ्या सभागृहानं ऐकलं. "अवं उठ सविता, उठ. सायेब येऊन राह्यले."

कवितानं माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, सत्कारमूर्तीनं बसू नये अशी अट देली हाय काय?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पाचही जागांच्या अटी मला तोंडपाठ होत्या. सरांचा चेहरा दिसत होता आणि पुढच्या वर्षी आपल्याला कोण बोलावणार हेही दिसत होतं. मी म्हटलं, "नाही. अशी अट दिलेली नाही."

नेमके त्याच वेळी सभापती दारातून आत आले. मंचाच्या जिन्यापाशी येऊन थबकले. आपल्या खुर्चीवर कोणीतरी बसलंय हे त्यांना दिसत होतं, पण त्यावर विश्वास बसत नव्हता. सरांना घाम फुटला. त्यांनी शेवटचा उपाय काढला आणि थेट माईकवरूनच म्हणाले, "फुलसिंगभाऊ, सांगा ना तुमच्या पोरीले."

फुलसिंगभाऊ भिंतीपासून निघाले. दोन रांगांच्या मधून चालत मंचाच्या पायथ्याशी आले. बाप येताना बघून कविताचा धीर सुटला. तिनं खुर्चीचे हात धरले आणि अर्धवट उठली. आता ही उठणार, आणि मग ना नागपूर ना कॉलेज, असं मला वाटलं.

फुलसिंगभाऊंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"बेस, छोरी," ते म्हणाले. आणि मग पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, "बेस."

ते गोरबोलीत होतं, पण सभागृहात कोणालाही त्याचा अर्थ विचारावा लागला नाही. कविता बसली. मी पदरानं डोळे पुसले आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

पुढचं थोडक्यात. सभापतींसाठी कोणी उठेल असं मला वाटलं होतं. डॉक्टर उठले नाहीत, प्राचार्य उठले नाहीत, सरांना फोटो हवा होता, आणि व्यापारी, जे एरवी घडीघडीला उठत, ते त्या दिवशी खिळल्यासारखे बसून राहिले. इतक्या खटपटीनं मिळालेली जागा कोण सोडतो. शेवटी सभापती जिन्याकडच्या बाजूला, व्यापाऱ्यांच्या पलीकडे उभे राहिले. म्हणजे अटींवरून ते टोकालाच आले. भाषण त्यांनी उभ्यानंच केलं, आणि त्यांचं इतकं आखूड भाषण तालुक्यानं त्याआधी ऐकलं नव्हतं. टाळ्या मनापासून पडल्या.

कार्यक्रमानंतर गावंडे सर माझ्याशी बोलले नाहीत. चहाही आला नाही. मी जिना उतरून खाली आले तर फुलसिंगभाऊ टेम्पोपाशी उभे होते. हळदीनं पिवळा झालेला रुमाल उगीच घडी करत होते. मला वाटलं, आता ते मला बोल लावणार, पोरीला भलतं शिकवलं म्हणून. मी तयारीनं पुढे गेले.

"मॅडम," ते म्हणाले, "नागपूरले जाले कोन्ती गाडी बरी?"

"एकटीच जाणार ना ती?"

"नाही. दोन जागा पाह्यजेत." त्यांनी रुमाल खिशात घातला. "माही बहीन जाऊन राह्यली तिच्यासंगं. पोरगी रुळेस्तोवर राहीन म्हनते तिथं."

मी म्हटलं, "सकाळची धरा. ती इथूनच सुटते. दोघींनाही बसायला जागा मिळेल."